मी कोणाचा कामगार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



नाशिकच्या कामगार न्यायालयात मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे वकिली करते. एवढ्या वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या माणसांची एक खूण मला पाठ झाली आहे. कंपनीतला कायम कामगार फाईल घेऊन येतो. तिच्यात नेमणूकपत्र असते, दर महिन्याची पगारचिठ्ठी असते, संघटनेने केलेल्या कराराची प्रत असते. कंत्राटी कामगार मात्र प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतो. तो ती माझ्या टेबलावर रिकामी करतो. मुदत संपलेला गेटपास, ईएसआयचे कार्ड, बँकेचे पासबुक. पासबुकात पगार जमा झालेला दिसतो, पण तो तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या नावांनी. आणि त्यातच कुठेतरी विश्वकर्मा जयंतीला मशीनपाशी उभे राहून काढलेला फोटो.

"मॅडम, अकरा वर्षं याच मशीनवर काम केलं. परवा सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून येऊ नको."

मी विचारते, "तुम्ही कोणाचे कामगार?"

इथे तो माणूस गप्प होतो. कंपनीचे नाव घ्यावे तर कागद ठेकेदाराचा. ठेकेदाराचे नाव घ्यावे तर त्याला कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सकाळच्या पाळीला सायकलवर, दुचाकीवर जी गर्दी दिसते, तिच्यातल्या कितीतरी माणसांना या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

आजचा आपला विषय आहे, असुरक्षित नोकरीतल्या माणसाची बाजू कामगार संघटना कशी मांडते. संघटना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो, घोषणा येतात, पगारवाढीचा करार येतो. ज्याची नोकरी पक्की आहे त्याच्यासाठी ते खरेही आहे. पण ज्याचे हातावर पोट आहे, त्याच्या संघटनेचे पहिले काम पगारवाढ हे नसतेच. हा माणूस कामगार आहे आणि तो अमुक एकाचा कामगार आहे, हे कागदावर आणणे हे तिचे पहिले काम. बाकीचे सगळे त्यानंतर. हे काम संथ असते, कंटाळवाणे असते, वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही. आज मी त्याच कामाविषयी बोलणार आहे.

सुरुवात घरापासून करते. माझी आई सिन्नरला बिड्या वळायची. आमच्या गल्लीत दुपारी कुठल्याही घरात डोकावले तरी चित्र एकच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने, हातात कात्री आणि पान कापायला पत्र्याचा तुकडा. हजार बिड्या वळल्या की त्या हजाराची मजुरी. संध्याकाळी माल घेऊन जायचे. तिथे तपासणारा हाताने चाळायचा आणि खराब म्हणून काही बिड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत आणि त्या बिड्या परतही मिळत नसत. त्या जात कुठे, हे आईने कधी विचारले नाही. विचारणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पाने कमी मिळत.

आता ही बाई कामगार आहे की नाही? आपण म्हणू, अर्थात आहे. पण कायद्याला तसे म्हणायला किती वर्षे लागली ते ऐका. १९६१ साली महाराष्ट्रातल्या एका बिडी कारखान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. एका बिडी कामगाराची मागणी होती ती अवघ्या काही दिवसांच्या भरपगारी रजेची. न्यायालयाने बहुमताने सांगितले की हा माणूस मनाला येईल तेव्हा कामाला येतो, मनाला येईल तेव्हा जातो, त्याच्या कामाच्या वेळेवर मालकाचे नियंत्रण नाही, म्हणून कारखाना कायद्याच्या अर्थाने तो कामगारच नाही. एका न्यायमूर्तींनी वेगळे मत नोंदवले, पण निकाल बहुमताचा. कारखान्यात बसून वळणाऱ्याची ही गत, तर घरी बसून वळणाऱ्या बाईला कोण विचारतो?

देशभरातल्या बिडी कामगारांच्या संघटना या प्रश्नावर भांडत होत्या. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आणि घरी बसून बिडी वळणारीही त्याच्या कक्षेत आली. त्याला मालकांनी आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ग्राह्य ठरवला. १९७७ पासून या उद्योगाला भविष्य निर्वाह निधीची योजना लागू झाली, तिलाही आव्हान मिळाले आणि १९८५ साली न्यायालयाने सांगितले की घरी बसून वळणारी बाईदेखील त्या निधीची हक्कदार आहे. १९६१ ते १९८५. एका बाईला कामगार म्हणवून घ्यायला चोवीस वर्षे.

मालकांनीही वाटा शोधल्या. एक वाट अशी की बाईला पाने आणि तंबाखू 'विकायचा' आणि तिच्याकडून बिडी 'विकत घ्यायची'. झाली ती व्यापारी! घरात दुपारच्या भाकरीची चिंता, आणि कागदावर ती बाई व्यापार करते आहे. अशा कागदाशी एकटी बाई भांडू शकत नाही. त्यासाठी शंभर बायकांची पुस्तके एकाच टेबलावर यावी लागतात, म्हणजे सगळ्यांचा 'व्यापार' एकसारखाच कसा, हे दिसते.

माझ्या आईच्या बाबतीत संघटनेने काय केले? मोर्चाला ती दोन-तीनदाच गेली असेल. पण तिचे वय झाले, पेन्शनचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा एक घोळ निघाला. निधीच्या कागदावर तिचे माहेरचे नाव होते आणि रेशनकार्डावर सासरचे. आपल्याकडे लग्नात बाईचे नावच बदलतात, तुम्हाला ठाऊक आहे. कागदाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका झाल्या. एकीने बिड्या वळल्या होत्या आणि दुसरी पेन्शन मागत होती. संघटनेच्या कार्यालयात एक म्हातारे गृहस्थ बसायचे. त्यांनी प्रतिज्ञापत्र करून घेतले, जुनी पुस्तके शोधली, नाशिकच्या कार्यालयात खेटे घातले. दोन वर्षे लागली. पेन्शन सुरू झाली ती महिन्याला काहीशे रुपयांची. पण पहिली रक्कम हातात आली त्या दिवशी आई मला म्हणाली, "हे माझे स्वतःचे आहेत." मी वकील झाले त्यामागे त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा वाटा मोठा आहे.

आता सिन्नरहून निफाडच्या बाजूला, लासलगावला येऊ. कांद्याच्या त्या मोठ्या बाजारात हमाल आणि मापारी काम करतात. हमालाला मालक कोण? आज या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, उद्या त्याच्या. कोणा एकाचा तो नाही, म्हणून कोणाचाच नाही, असेच पूर्वी चालायचे. यावर महाराष्ट्राने जे उत्तर शोधले ते देशात नवे होते. मुंबईत अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी माथाडींना उभे केले, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कायद्याची कल्पना साधी आहे. सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदही मंडळाकडे. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरतो. मंडळ हमालाला पगार देते आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, औषधोपचार चालतो. मालक रोज बदलला तरी नोंद बदलत नाही. 'मी कोणाचा कामगार' याचे उत्तर मिळाले, 'मी मंडळाकडे नोंदलेला कामगार'.

पण हे सगळे गोडगोड चालले आहे असे सांगितले तर ते खोटे होईल. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादावरून कांद्याचे लिलाव बंद पडले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हे पैसे कोणी द्यायचे, शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापायचे की व्यापाऱ्याने सोसायचे, यावर तिढा पडला. शेतकरी म्हणणार, ट्रॉली मी भरून आणली, वजन भुईकाट्यावर झाले, मग तोलाई कसली? हमाल म्हणणार, पाठ आमची गेली, आमच्या म्हातारपणाचा पैसा त्यात आहे. दोघेही आपापल्या जागी खरे. शिवाय कित्येक हमालांच्या घरी थोडीफार कोरडवाहू जमीन असते, म्हणजे एकाच घरात दोन्ही बाजू. अशा वेळी केवळ आपल्या सभासदांपुरते बोलून संघटनेचे भागत नाही. ओझे शेवटी कोणाच्या अंगावर पडते याचा हिशेब तिने शेतकऱ्यापुढेही मांडला पाहिजे. तो मांडला नाही, तर कष्टकरी कष्टकऱ्याशी भांडत बसतो आणि बाकीचे बघत राहतात.

माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारीही औद्योगिक वसाहतींतून येतात. त्यांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये सरकारने कायदा बदलणारे विधेयक आणले तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे, चोर पकडा, पण चोर पकडण्यासाठी घर पाडू नका. मला ते पटते. पण चोराला आधी आपल्याच लोकांनी ओळख देणे बंद केले पाहिजे, हेही तितकेच खरे.

आता पुन्हा सातपूर-अंबडकडे वळते, माझ्या पिशवीवाल्या माणसाकडे. त्याला माथाडीसारखे मंडळ नाही, बिडीला होता तसा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रात १९७१ साली अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा झाला. माणसाला वर्षानुवर्षे हंगामी किंवा बदली म्हणून ठेवायचे आणि कायमपणाच्या हक्कापासून वंचित ठेवायचे, ही त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे. २४० दिवस भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात 'ब्रेक' देतात, तो शब्द आपल्याकडे घरोघर माहीत आहे. या कायद्याखाली अनेकांना न्याय मिळाला. मग मालकांनी हंगामी कामगार ठेवणेच कमी केले आणि मध्ये ठेकेदार आणला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक-कामगार हे नातेच वादात असेल, तर ते आधी योग्य न्यायाधिकरणापुढे सिद्ध करा, मग या कायद्याखाली तक्रार घेऊन या. त्याच वर्षी आणखी एका निकालाने ठरवले की कंत्राटी पद्धत सरकारने एखाद्या कामात बंद केली, तरी त्यामुळे कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, आणि तो सिद्ध करायचा भार प्लॅस्टिकच्या पिशवीवर.

मुंबईचे उदाहरण सांगते. महापालिकेच्या कचऱ्याच्या कामावर ठेकेदारांमार्फत लावलेल्या कामगारांची बाजू कचरा वाहतूक श्रमिक संघाने घेतली. कोण कुठल्या वॉर्डात, कोणत्या गाडीवर, किती वर्षे काम करतो, हे संघटनेने जमवले. ठेकेदार बदलत राहिले, गाडीमागचा माणूस तोच राहिला, हे न्यायालयाला दिसले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० सफाई कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानणारा निवाडा उचलून धरला. पण निकालानंतरही नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकापायी कित्येकांचे प्रकरण अडून राहिले. देशातले सर्वोच्च न्यायालय जिंकून माणूस एका वेलांटीवर अडतो! माझ्या आईच्या दोन नावांची गोष्ट मी मघाशी सांगितली, ती उगाच नव्हती.

पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी सुरुवातीलाच काय केले? ओळखपत्र. पुढे पुणे महापालिकेने त्या ओळखपत्राला मान्यता दिली. ज्या बाईला रस्त्यावर कोणीही चोर म्हणून हटकायचे, तिच्या गळ्यात महापालिकेची मान्यता असलेले कार्ड आले. तिचा तर मालकच नाही. तरीही संघटनेने बोलणी करायला समोर कोणीतरी शोधले, आणि ते म्हणजे जिचे शहर ती स्वच्छ करते ती महापालिका.

सरकारही यात मागे नाही. आशाताईंना 'स्वयंसेविका' म्हणतात आणि त्यांना मिळतो तो 'मोबदला'. अंगणवाडीताईंना मिळते ते 'मानधन'. पगार हा शब्द टाळला की पगाराबरोबर येणारे बाकीचे सगळे टळते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. गुजरातमधल्या अंगणवाडीताईंच्या प्रकरणातला तो निकाल. एक शब्द बदलायला एवढी वर्षे.

आता थोडे आमच्याच लोकांविषयी. एका कंपनीत पगारवाढीचा करार झाला त्या दिवशी मी गेटवर होते. गुलाल, पेढे, ढोल. कायम कामगार एकमेकांना मिठ्या मारत होते. बाजूला कंत्राटी पोरे डबे घेऊन उभी होती. त्यांच्यातल्या एकाने मला विचारले, "मॅडम, आम्ही पण त्याच लाईनवर असतो ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. करार मी वाचला होता. त्यात त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती. जुन्या संघटनांनी कायम कामगारांचे कोट मजबूत केले आणि कोटाबाहेर वस्ती वाढत गेली, तिकडे पाहिले नाही. आज त्याची किंमत त्याच संघटना मोजत आहेत. जिथे निम्म्याहून अधिक काम कंत्राटी माणसे करतात, तिथे कायम कामगारांनी काम थांबवले तरी मशीन चालूच राहते. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्याच हातात आता दाराची किल्ली आहे. हे उमगलेल्या संघटना करारात कंत्राटी कामगारांचे कलम घालू लागल्या आहेत. ठेकेदार बदलला तरी माणूस तोच ठेवायचा, एवढे एक कलम जरी आले तरी त्या घरचा चुलीचा प्रश्न सुटतो.

आणि पगाराच्या पलीकडेही संघटना जाऊ शकते. सोलापूरला बिडी कामगार बायकांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी लढा दिला आणि २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, स्वस्तात पोटभर जेवणाची सोय. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते हेच.

आता काळ पुन्हा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे, असे त्यांत आहे. हे चांगलेच आहे, मी त्याचे स्वागत करते. ॲपवरून ऑर्डर घेऊन दारोदार पोचवणाऱ्या मुलांचा उल्लेखही प्रथमच कायद्यात आला. पण कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस किंवा अधिक कामगार असले की लागू व्हायच्या, आता ती मर्यादा पन्नास झाली. आणि नेमणूकपत्रावर सही कोणाची असणार? ठेकेदाराचीच. म्हणजे कागद मिळाला तरी प्रश्न उरतोच. बिडी कामगारांच्या कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकरही २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेला. एकदा मिळवलेले कायमचे आपले, असे या क्षेत्रात काही नसते.

म्हणून जाता जाता तुम्हाला चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. तुम्ही स्वतः कंत्राटी काम करत असाल, किंवा तुमच्या घरातले कोणी करत असेल, तर मिळालेला कुठलाही कागद टाकू नका. गेटपास, हजेरीचे कार्ड, पगारचिठ्ठी, सुपरवायझरचा मोबाईलवरचा निरोपसुद्धा. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी यूएएन क्रमांक पाठ करा आणि त्यात पैसे भरले जातात का, ते अधूनमधून तपासा. आधार, बँक आणि निधी या तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे आहे का ते आजच पाहा, नोकरी जाण्याची वाट पाहू नका. आणि चौथी गोष्ट, एकटे राहू नका. कंपनीतल्या संघटनेने दार उघडले नाही, तर वसाहतीतल्या दुसऱ्या संघटनेकडे जा. तिथेही नाही जमले तर दहा जण मिळून बसा आणि आपापले कागद एकत्र मांडा. एकाच्या पिशवीत जे सिद्ध होत नाही, ते दहा पिशव्यांत पुष्कळदा होते.

आणि तुम्ही कायम नोकरीत असाल, तर उद्या आपल्या शेजारच्या मशीनवरच्या मुलाला एवढेच विचारा, "तू कोणाचा कामगार रे?" त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला आपल्या संघटनेच्या कार्यालयापर्यंत घेऊन जा.